नाव काढलेला फोटो

उंब्रजच्या फोटो स्टुडिओत नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी मी कॉम्प्युटरपुढे बसले आणि बघते तर कीबोर्डाला सी नव्हता. एक्स होता, व्ही होता, मधे खड्डा. मला वाटलं, जुना आहे, पडला असेल.

"काका, ह्याचा सी पडलाय."

"पडला न्हाई. काढलाय." स्टुडिओचे मालक असलेल्या काकांनी शर्टाच्या खिशातून सी काढून दाखवला, परत खिशात टाकला आणि वरून थोपटला. "कंट्रोल दाबून सी दाबला की कॉपी हुतीय. खरं का खोटं?"

"खरं."

"मग? चोराच्या हातात किल्ली कशाला द्यायची?"

माउसनंसुद्धा कॉपी करता येते हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माउसही खिशात गेला असता.

खरी अडचण पुढंच होती. मराठी टाइप करताना म त्याच बटणावर येतो. त्यामुळे आमच्या स्टुडिओत म मागून घ्यावा लागायचा. अल्बमवर 'शुभमंगल' लिहायचं झालं की मी हाक मारायची, "काका, म द्या!" काका यायचे, सी बसवायचे, मी म उमटवेपर्यंत डोक्याशी उभे राहायचे आणि लगेच उपटून न्यायचे. ते बाहेर शूटिंगला गेले असले की मी म नसलेले शब्द शोधत बसायची. एकदा घाईघाईत एका सरपंचांच्या सत्काराचा फोटो 'ाननीय सरपंच' असा छापून गेला. काका घाबरले, आता भांडण होणार म्हणून. सरपंच आले, फोटो लांब धरून बघितला आणि म्हणाले, "ही काना पुढं लावायची नवी पद्धत दिसतीय. ब्येस हाय."

काका तेव्हा पंचावन्नच्या पुढे असतील. अंगानं काटकुळे, उन्हाळ्यातसुद्धा अंगात बारा खिशांचं जाकीट, गळ्यात कॅमेरा. जेवतानाही तो काढत नसत, त्यामुळे कॅमेऱ्याच्या पट्ट्याला कायम आमटीचा वास यायचा. फोटो मात्र असे काढायचे की माणूस स्वतःला बघून दोन मिनिटं गप्प बसावा. तरुणपणी त्यांनी शर्यतीतल्या बैलांचा एक फोटो काढला होता. चारही खूर हवेत, मागं धुळीचा लोट. तो फोटो पुढच्या वर्षी कुठल्या तरी खताच्या दुकानाच्या कॅलेंडरवर आला, खाली काकांचं नाव नव्हतं. त्या दिवसापासून त्यांचा जगावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

पहिला उपाय त्यांनी केला तो फोटोवर नाव टाकायचा. कोपऱ्यात बारीक टाकलं तर लोक मोबाइलवर तेवढं कापतात, म्हणून मधोमध. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकं, पिवळ्या रंगात: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम पोस्ट उंब्रज, तालुका कराड, जिल्हा सातारा. एका नवरीच्या वरच्या ओठावर त्यातली वेलांटी नेमकी अशी बसली की तिला झोकदार मिशी आली. तिचे वडील तावातावानं आले.

"आवं, माझ्या पोरीच्या तोंडावर जिल्हा कशापायी?"

"जिल्हा काढला तर सांगलीवाले चोरत्याल," काका म्हणाले.

"पन मिशी?"

"मिशी असलेला फोटो चोरंल कोन? उलट लय सुरक्षित हाय."

स्टुडिओत शिरताना मोबाइल गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा, असा नियम होता. फोटो पसंत करायला आलेल्यांना काका एकेक फोटो तीन आकडे मोजेपर्यंत दाखवत आणि वर टॉवेल टाकत. "बघितला? मनात ठेवा. मनातलं कुनी ढापत न्हाई." एक आजी म्हणाल्या, "मला चष्मा घालूस्तवर तुमचे तीन झाले की रं!" तेव्हापासून साठीच्या पुढच्यांना पाच मोजायची सवलत मिळाली.

पण ह्या सगळ्यावर कडी म्हणजे वांगं.

काकांनी कुठं तरी ऐकलं होतं की आपल्या कामात अशी एक खूण दडवावी जी फक्त आपल्यालाच माहीत असेल. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर बोट दाखवता येईल. त्यांनी खूण निवडली ती वांग्याची. रोज सकाळी मंडईतून एक देठाचं, चमकदार, कृष्णाकाठचं वांगं घ्यायचे आणि जाकिटाच्या खिशात ठेवायचे. लग्नाच्या ग्रुप फोटोत ते मामाच्या बुटाशेजारी असायचं. बारशाला पाळण्याच्या दोरीत. शाळेच्या फोटोत मुख्याध्यापकांच्या मांडीवर, रुमालाखाली, नुसतं देठ दिसेल असं. लोक अल्बम बघताना विचारायचे, "हे वांगं कुठनं आलं?" मग त्या घरात वाद व्हायचे, कुणाच्या बाजूच्यांनी आणलं म्हणून.

काम संपलं की ते वांगं स्टुडिओमागच्या घरी जायचं. काकी एकदा मला म्हणाल्या, "पोरी, तीस वर्षांचा संसार, त्यात सात वर्षं रोज रातच्याला वांगंच. ह्यांची कला चिरून चिरून माझी बोटं काळी पडली बघ."

आणि ह्या वांग्यामुळंच काकांच्या हातून त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो निघाला.

दिवाळीनंतर माणदेशातले धनगर मेंढरं घेऊन आमच्या बाजूला उतरतात. हायवेच्या पुलाखाली एक कळप थांबला होता. सोबत एक म्हातारा, डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं, बगलेत कोकरू. काकांनी लांबून कॅमेरा लावला, मग आठवण झाली म्हणून पुढं जाऊन वांगं एका दगडावर ठेवलं आणि मागं आले. तेवढ्यात एक मेंढी आली आणि तिनं वांगं तोंडात धरलं. म्हातारा ते बघून हसला. दात दोनच होते, पण सगळा चेहरा, कान, मुंडाशासकट हसला. काकांनी बटण दाबलं. तोपर्यंत ट्रकनं हॉर्न दिला, मेंढरं उधळली, म्हातारा त्यांच्यामागं पळाला. काका धापा टाकत स्टुडिओत आले आणि मला म्हणाले, "पोरी, दार लाव."

आम्ही तो फोटो मोठा करून बघितला. काकांनी तीन मोजले नाहीत. बराच वेळ आम्ही दोघं बघत होतो. मग त्यांनी त्यावर नाव टाकलं. 'तालुका कराड' म्हाताऱ्याच्या हसण्यावरून आडवा गेला.

इथं मला माझा गुन्हा सांगितला पाहिजे. दोन दिवसांनी, काका शूटिंगला गेले असताना, मी त्यावरचं नाव काढलं आणि तो फोटो माझ्या व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. चोरी करावी असं डोक्यात नव्हतं. मला तो फोटो कुणाला तरी दाखवल्याशिवाय चैन पडेना, एवढंच. खाली लिहिलं, 'बघा किती गोड!' दुसऱ्या दिवशी स्टेटस आपोआप गेलं आणि मी विसरून गेले.

महिनाभरानं काका चहा प्यायला चौकात गेले ते चहा न पिताच परत आले. चौकात कुणा तरुण नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. खाली शुभेच्छुकांची रांग, गॉगल लावलेली पोरं, आणि त्यांच्यात आमचा म्हातारा हसत होता. त्याच्या खाली 'बंटीशेठ' असं नाव होतं.

"बंटीशेठ!" काका ओरडले. "पोरी, त्यो बंटीशेठ दिसतो काय गं?"

पुढच्या आठवड्यात कळलं की कराडला एका दातांच्या दवाखान्यावरही म्हातारा आहे. डाव्या बाजूला दोन दातांचा, उजव्या बाजूला बत्तीस दातांचा. मेंढीला पण दात दिले होते. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळ हायवेला एक ढाबा निघाला होता, 'अस्सल गावरान मटण', वर वीस फुटी फ्लेक्स, त्यावर म्हातारा, कळप आणि तोंडात वांगं धरलेली मेंढी.

चौकातल्या फ्लेक्सच्या तळाला छापणाऱ्याचा पत्ता बारीक अक्षरात होता. माधवनगर. काकांनी पुरावे गोळा केले: मूळ फोटो लॅपटॉपमध्ये, जुने अल्बम सात, आणि त्याच जातीचं एक ताजं वांगं. लॅपटॉप चालवायला मी. सांगलीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. तोवर मला ते स्टेटस आठवलं होतं.

माधवनगरला छापखान्याचे मालक म्हणजे पांढऱ्या दाढीचे, शांत बोलणारे एक चाचा. त्यांचे वडील कापडाच्या मागावर कामाला होते, गिरण्या थंडावल्यावर यांनी फ्लेक्सचं मशीन घेतलं, असं त्यांनीच सांगितलं. काकांनी टेबलावर वांगं ठेवलं आणि म्हणाले, "हे वळखता?"

"वांगं हाय," चाचा म्हणाले.

"हे माझं हाय. तुमच्या फ्लेक्सवरच्या मेंढीच्या तोंडात जे हाय ते बी माझंच."

चाचांनी शांतपणे कॉम्प्युटर उघडला. त्यात तीन फायली होत्या: 'हसरा बाबा वाढदिवस', 'हसरा बाबा दात' आणि 'हसरा बाबा मटण फायनल फायनल'. "भाऊ, गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो धाडतं, मी छापतो. फोटो तुमचा हाय हे मला म्हाईत असतं तर विचारलं असतं. पहिला फोटो मला दातांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं धाडला. थांबा, विचारू त्याला."

फोन स्पीकरवर लावला. कंपाउंडर म्हणाला, मला मेव्हणीनं पाठवला. मेव्हणीला लावला. तिनं बराच वेळ हसून घेतलं, मग म्हणाली, "मला उंब्रजच्या ताईंनी धाडला, ब्लाउज शिवत्यात त्या."

काकांचे डोळे चमकले. "म्हंजे चोर आमच्याच गावात! सांगा त्या ताईंचा नंबर."

मेव्हणी नंबर सांगायला लागली. चाचा लिहून घ्यायला लागले. ब्लाउजवाल्या ताई माझ्याच गल्लीत राहतात. सातवा आकडा झाला तेव्हा माझ्यानं राहवेना.

"काका, ताईंना लावू नका," मी म्हणाले. "त्याच्या पुढचा फोन माझ्याच पर्समध्ये वाजायचाय."

चाचांनी हळूच फोन बंद करून पालथा ठेवला आणि सगळ्यांना चहा सांगितला. निघताना त्यांनी काकांचा हात हातात घेतला. "तुमच्या नावाशिवाय हा फोटो इथं परत छापायचा न्हाई," म्हणाले. काकांनी मान हलवली, पण त्यांनी ते ऐकलं असं मला वाटलं नाही. वांगं टेबलावरच राहिलं.

परतीच्या एसटीत इस्लामपूर येईपर्यंत काका तिकिटाची घडी घालत आणि उलगडत होते. मग समोर बघतच म्हणाले, "नाव का काढलंस?"

मला रडू येत होतं. "बाबा हसताना दिसत नव्हते, काका. तालुका आडवा येत होता."

त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलायचे ते काकींमार्फत. स्टुडिओत समोरासमोर बसून ते काकींना हाक मारायचे, "तिला सांग, पासपोर्ट साइज आठ काढ." काकी आतून ओरडायच्या, "ऐकलं तिनं!" मी म्हणायची, "काकी, काकांना सांगा, काढले." मी रोज सकाळी नोकरी सोडायची ठरवून जायची आणि रोज संध्याकाळी उद्या सांगू म्हणून घरी यायची.

पाचव्या दिवशी सकाळी बाहेर एकदम बें बें सुरू झालं. बघते तर सर्व्हिस रोड मेंढरांनी भरलेला, आणि दारात तोच म्हातारा. फोटोतल्यापेक्षा उंच होता आणि अजिबात हसत नव्हता.

"मोठ्या कॅमेऱ्याचा मानूस हितंच ऱ्हातो न्हवं?" त्यानं विचारलं. "माजा जावई टरकावर हाय. म्हनतो, मामा, खंडाळ्याला मटनाच्या हाटेलावर तुमचा फोटू लागलाय. खरं हाय काय?"

काकांना आनंदानं काय करावं कळेना. त्यांनी खुर्ची पुढं केली, जाकिटाची बटणं लावली. "या, बाबा, या! तुमीच पायजे हुता. लय मोठी चोरी झालीय. तुमी साक्ष द्यायची."

"कुनाची चोरी?"

"माझ्या फोटोची!"

म्हातारा खुर्चीत बसला. काठी आडवी धरली. "थोबाड कुनाचं?"

"तुमचं."

"मेंढरं?"

"तुमची."

"हसलं कोन?"

"तुमी."

"मंग तुजं काय व्हतं त्यात?"

काकांचा खिशातल्या सीवर हात गेला, कॅमेऱ्यावर गेला. शेवटी अगदी बारीक आवाजात म्हणाले, "वांगं."

"ते तर तवाच मेंढीनं खाल्लं की!" म्हातारा म्हणाला.

मी तोंडाला ओढणी लावली. आतून काकींच्या हातातलं भांडं पडलं. काका आधी लाल झाले, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग ते हसायला लागले ते थांबेचनात. म्हातारा मात्र हसला नाही. तो काठी आपटून म्हणाला, "ही मेंढरं मी पोटच्या पोरागत जगवतो. आन् तिकडं मीच हसत हसत त्यांचं मटान इकतोय व्हय? आमच्यातली मानसं काय म्हनत्याल? मला न विचारता कवा काढलास फोटू?"

काकांचं हसू गेलं. ते उठले, म्हाताऱ्यासमोर जमिनीवर बसले. "चुकलं, बाबा. विचारायचं सुचलंच न्हाई," म्हणाले. चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले, "पोरी, बाबांना तो फोटो छापून दे. मोठा. त्यावरचं नाव काढून."

मी छापला. म्हाताऱ्यानं तो उलटा-सुलटा करून बघितला. स्वतःकडे लक्षच नव्हतं त्याचं. वांगं खाणाऱ्या मेंढीवर बोट ठेवून म्हणाला, "ही बोरी. पैल्यापास्नं हावरट."

मेंढरं लेकाच्या हवाली करून म्हातारा आमच्याबरोबर एसटीत बसला आणि आम्ही तिघं खंडाळ्याला गेलो. ढाब्याचा मालक काकांचं सगळं ऐकून घेऊन दात कोरत म्हणाला, "आवं, मोबाइलवर सगळ्यांकडं हाय त्यो फोटो. तुमचं नाव कुठं हाय त्यावर?" काकांनी वांग्याचा मुद्दा काढला. मालकानं आतल्या पोऱ्यांना बोलावून तो परत ऐकवायला लावला.

म्हातारा तोवर बाहेर फ्लेक्सखाली जाऊन उभा होता. पुण्याकडची एक गाडी थांबली. आई, बाप, सात-आठ वर्षांची मुलगी. बाप वर बघतो, खाली बघतो. "अरे, हे तेच! बाबा, इथलं मटण चांगलं आहे ना?"

"मला काय ठावं? मी माळकरी हाय," म्हातारा म्हणाला आणि काठीनं फ्लेक्सवर दाखवायला लागला. "ही बोरी. हिला वांगी आवडत्यात. ही खिलारी, हिचं कोकरू लंगडं हाय, मी उचलून नेतो. ह्यो सर्जा. त्याला हाक मारली की बें करतो."

मुलीनं विचारलं, "आजोबा, ती आत कापतात?"

"मला काय ठावं, बाय," म्हातारा परत म्हणाला.

मुलीनं भोकाड पसरलं. त्यांनी तीन शेवभाज्या सांगितल्या. मागच्या टेबलावरच्या लोकांनी हे ऐकलं होतं, त्यांनी ताट बाजूला सारून पिठलं मागवलं. म्हातारा तोवर दुसऱ्या गाडीला सर्जाची ओळख करून देत होता. अर्ध्या तासात मालक स्वतः शिडी घेऊन आला.

"बाबा, काढतो, पन तुमी आधी बाजूला व्हा," तो हात जोडून म्हणाला.

फ्लेक्स उतरवला. म्हाताऱ्यानं तो हातानं चाचपून बघितला, "पालावर टाकाया ब्येस हाय, पानी गळायचं न्हाई," म्हणाला आणि घडी घालून काखेत मारला. मालकानं जेवायचा आग्रह केला, त्यानं फडक्यातली भाकरी दाखवली. ती आम्ही तिघांनी फाट्यावरच्या लिंबाखाली बसून खाल्ली. खाताना म्हाताऱ्याला त्या रडणाऱ्या पोरीची आठवण झाली आणि तो हसला. तसाच, कानांसकट. काकांचा हात कॅमेऱ्याकडे गेला आणि मधेच थांबला.

"बाबा, एक काढू का?"

"नगं. आज लय दमलोय."

"बरं," काका म्हणाले आणि त्यांनी कॅमेऱ्याला झाकण लावलं.

बसमध्ये तिघांना एकच बाक मिळालं. साताऱ्याच्या पुढं म्हाताऱ्याला डुलकी लागली. डोकं काकांच्या खांद्यावर, मुंडासं घसरलेलं, तोंड उघडं, काखेत फ्लेक्सची घडी. काका ताठ बसून होते. मी पर्समधून मोबाइल काढला.

"विचारलंस त्यांना?" काका ओठ न हलवता म्हणाले.

"झोपलेत की!"

"मग उठूस्तवर थांब."

मी मोबाइल आत ठेवला. उंब्रजचा थांबा आला. कंडक्टर ओरडला, "उंब्रज! कोन हाय उंब्रज?" काकांनी त्याच्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं.

"काका, आपलं गाव," मी हळूच म्हणाले.

"दिसतंय मला. बाबांचा आत्ताच डोळा लागलाय," काका म्हणाले. "कराडला उतरू."